दोरो नदीवरची पहिली वाइन क्रूझ: नवीन जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे, म्हणजे नानांची, मी पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीलाच तिकडे जाते, पण लहानपण सगळं खरड छाटणी, गोडी छाटणी (द्राक्षवेलीच्या वर्षातल्या दोन छाटण्या, दुसरी फळासाठी) आणि क्रेट भरण्यातच गेलं. त्यामुळे आईनानांना एकदा तरी परदेशात न्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, मोठी शहरं आणि बर्फ बघण्यापेक्षा नानांना दुसऱ्या कुणाची तरी बाग दाखवावी. शोधता शोधता पोर्तुगालमधली दोरो नदी सापडली. इंग्लिशवाले तिला डौरो म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही तिघं सात रात्री तिच्यावर होतो आणि तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून करून विचारतायत की कसं केलं, कुठून सुरुवात करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा कारण बाकीचे सगळे निर्णय तिच्यावरून ठरतात. दोरोवर रात्री बोट चालत नाही. अंधार पडायच्या आत धक्क्याला लागते आणि सकाळी निघते. म्हणजे या नदीचं प्रत्येक वळण दिवसाउजेडी तुमच्या डोळ्यासमोरून जातं, तुम्ही झोपलेले असताना काही निघून जात नाही. म्हणून केबिनवर कमी खर्च करा, डेकवर जास्त वेळ बसा, आणि दिवस भरगच्च करून टाकणारे प्लॅन टाळा. मला या ट्रिपमधून एवढंच एक शिकायला मिळालं आणि ते मी प्रत्येकाला सांगत सुटते.

नदी ठरवताना

युरोपात वाइनच्या नद्या पुष्कळ आहेत. ऱ्हाइन आणि मोझेलवर जर्मनीतल्या रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाचे उभे उतार दिसतात, ऑस्ट्रियात डॅन्यूबवर वाखाऊचा पट्टा आहे, फ्रान्समध्ये ऱ्होन आहे. सगळ्या सुंदर आहेत. पण डॅन्यूबच्या क्रूझमध्ये मुख्य गोष्ट असते शहरं, व्हिएन्ना, बुडापेस्ट वगैरे, आणि वाखाऊ म्हणजे मेल्क ते क्रेम्स असा जेमतेम ३५-३६ किलोमीटरचा तुकडा, तो अर्ध्या दिवसात संपतो. ज्याला द्राक्षबागाच बघायच्या आहेत त्याने दोरो घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा बागा सुरू झाल्या की दोन-तीन दिवस दोन्ही काठांना तेच, पाण्यापासून डोंगराच्या डोक्यापर्यंत पायऱ्या पायऱ्या. २००१ मध्ये युनेस्कोने या अल्टो दोरो पट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दोरो उगम पावते स्पेनमध्ये, आणि पोर्तो शहरापाशी अटलांटिकला मिळते. बोटी चालतात ते पोर्तोपासून स्पेनच्या सीमेवरच्या बार्का द आल्वापर्यंत, साधारण २१० किलोमीटर. वर जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. काही जणांना हे कळलं की ते म्हणतात, मग परत तेच काय बघायचं? अहो, जाताना सकाळचं ऊन एका काठावर असतं, येताना संध्याकाळचं दुसऱ्या काठावर. जाताना डाव्या बाजूला बसलात तर येतानाही डावीकडेच बसा, म्हणजे समोर दुसरा काठ येतो.

महिना कुठला

क्रूझचा सीझन साधारण मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. हिवाळ्यात नदीला पूर येतो, पाणी वाढलं की बोटी थांबवतात, आणि कधीकधी लवकरच्या वसंतातही तसं होतं, म्हणून पहिल्या ट्रिपला मार्च-एप्रिलची सुरुवात नको. जुलै-ऑगस्ट आतल्या खोऱ्यात पारा चाळीशीला जातो. तिकडची एक जुनी म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. आपण विदर्भातले असू तरी सुट्टीत ते कशाला.

मे-जून छान, वेली हिरव्यागार असतात. २३ जूनच्या रात्री पोर्तोत साव जुआंवचा मोठा उत्सव असतो, दुसऱ्या दिवशी वाइनची पिंपं वाहणाऱ्या जुन्या रबेलो होड्यांची शर्यत. पण निवडायचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात. तेव्हा तोडणी चालू असते, तिकडे तिला व्हिन्दिमा म्हणतात. आपल्याकडे नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च, त्यांची सप्टेंबर, त्यामुळे बागायतदारांना घरचं काम सोडून जायचीही अडचण नाही. फक्त आमच्यासारख्यांनी गोडी छाटणीच्या तारखा बघून घ्या. नानांनी तेवढ्यासाठी मला तीन वेळा तारखा बदलायला लावल्या.

बोट आणि केबिन

दोरोवरच्या बोटी लहान असतात, आणि त्याचं कारण लॉक, म्हणजे धरणापाशी बोट वर-खाली करणारी पाण्याची अरुंद खोली. साधारण ८० मीटर लांबी, शंभर-सव्वाशे माणसं, यापेक्षा मोठी बोट त्यात मावतच नाही. त्यामुळे समुद्रातल्या क्रूझसारखं थिएटर, कॅसिनो, पाच रेस्टॉरंट हे डोक्यातून काढून टाका. एक जेवणाची खोली, एक बसायचा हॉल, वर उघडा डेक, बहुतेक बोटींवर डेकवर छोटासा पूल. आणि बोट हलत नाही, पोटात ढवळत नाही, आईला घाटातल्या एसटीत उलट्या होतात पण तिथे एक दिवसही त्रास झाला नाही.

केबिन घेताना लोक बाल्कनीसाठी भरपूर जास्तीचे पैसे मोजतात. मी सांगेन, नको. एक तर दिवसभर तुम्ही वर डेकवर असणार. दुसरं म्हणजे रेग्वा किंवा पिन्यांव या नदीकाठच्या गावांच्या धक्क्याला दोन-तीन बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, तेव्हा तुमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्या बोटीची भिंत किंवा दुसऱ्या माणसाची बाल्कनी येते आणि पडदा लावूनच बसावं लागतं. मधल्या मजल्यावरची साधी खिडकीची केबिन पुरते. सगळ्यात खालच्या मजल्यावर खिडकी छोटी, उंचावर आणि न उघडणारी असते, ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी ती घेऊ नका.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर बुकिंगच्या आधी दोन प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का, आणि ती डेकपर्यंत जाते का. बऱ्याच बोटींवर लिफ्ट मधल्या मजल्यांपुरतीच असते, शेवटचा जिना चढावाच लागतो. आणि बोटी चिकटून उभ्या असल्या की काठावर जायला दुसऱ्या बोटीतून, कधी तिच्या डेकवरून वर-खाली करून जावं लागतं, हे कुणी माहितीपत्रकात लिहीत नाही. नानांचे गुडघे दुखतात, आम्ही काठी नेली होती, ती कामाला आली.

दर बघताना नुसता आकडा बघू नका, आत काय काय धरलंय ते बघा. जेवणाबरोबरची वाइन, काठावरच्या सहली, विमानतळावरून नेणं-आणणं, आणि कर्मचाऱ्यांची टिप. एका बोटीत हे सगळं धरलेलं असतं, दुसरीत प्रत्येक सहलीला वेगळे युरो, आणि शेवटी स्वस्त वाटलेली महाग पडते. कागदावर दोन रकाने करा, दिवसाला माणशी किती ते काढा, लगेच कळतं.

सात रात्रींचं बजेट नसेल तर त्यावर पण उपाय आहे. पोर्तोहून सकाळी निघून रेग्वा किंवा पिन्यांवपर्यंत जाणाऱ्या एक दिवसाच्या बोटी असतात, जाताना बोट आणि येताना रेल्वे. दोरोची रेल्वेलाइन अगदी पाण्याच्या कडेकडेने जाते, पोर्तो ते पिन्यांव साधारण अडीच तास, येताना नदीच्या बाजूची खिडकी धरा. दोन रात्री पिन्यांवला एखाद्या बागेतल्या घरी राहिलात तर कमी पैशात बरंच काही मिळतं.

व्हिसा आणि विमान

शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून तो एकच असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्याच्या गर्दीत अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी लागा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, विमा कमीत कमी ३०,००० युरोचा. जास्त दिवस पोर्तुगालमध्ये असाल तर अर्ज पोर्तुगालकडेच करा. क्रूझमध्ये एक दिवस स्पेनला नेतात, सालामांकाला, पण तोही शेंगेनमध्येच, वेगळा व्हिसा नको.

शेतकरी आईवडिलांना नेणाऱ्यांसाठी खास सांगते. शेतीच्या उत्पन्नावर इन्कमटॅक्स नसतो, त्यामुळे रिटर्न नसतात आणि लोक तिथेच घाबरतात. आम्ही सातबारा आणि आठ-अ चे उतारे, त्यांचं इंग्लिश भाषांतर, द्राक्ष विक्रीच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि खर्च मी करतेय असं माझं पत्र, माझ्या सॅलरी स्लिपसकट जोडलं. बोटीचं कन्फर्मेशन हेच राहण्याचा पुरावा म्हणून चालतं, पण त्यात प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, आमच्यात नानांचं मधलं नाव राहिलं होतं ते परत करून घ्यावं लागलं.

मुंबईहून दुबईमार्गे लिस्बनला जाता येतं आणि तिथून पोर्तोला ट्रेन, साधारण तीन तास, किंवा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदलून थेट पोर्तो. काहीही करा, बोट सुटायच्या दिवशी पोचू नका. आमच्या एजंटने आधी तसंच तिकीट काढलं होतं, मी भांडून दोन दिवस आधीचं करून घेतलं आणि नेमकी आईची बॅग एक दिवस उशिरा आली. बोटीवर असतो तर बॅग नदीत आमच्या मागे मागे फिरत बसली असती.

पोर्तोतले दोन दिवस

विमानाचा शीण घालवायला दोन दिवस पोर्तोत काढा, शहर चढउताराचं आहे पण पायी बघण्यासारखं. साव बेंतो स्टेशनमध्ये नुसतं आत जाऊन उभे राहा, भिंतींवर जवळपास २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगालचा इतिहास रंगवलाय. दों लुइश पुलाच्या वरच्या मजल्यावरून चालत पलीकडे जा, १८८६ चा लोखंडी पूल आहे, वरून मेट्रो जाते आणि माणसंही. पलीकडचा काठ म्हणजे गाया, तिथे पोर्ट वाइनची, म्हणजे या खोऱ्यातल्या गोड आणि कडक वाइनची, गोदामं ओळीने. एक गोदाम क्रूझच्या आधीच बघून घ्या, म्हणजे नंतर बागेत गेल्यावर प्रश्न नेमके विचारता येतात.

ही वाइन पिकते वर खोऱ्यात, पण साठवायची इथे, कारण समुद्राच्या बाजूला हवा गार आणि दमट. रबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून पिंपं भरून खाली आणायचे. १९२६ पासून तर कायदाच होता की परदेशी जाणारी पोर्ट गायामधूनच गेली पाहिजे, तो १९८६ मध्ये सैल झाला. त्या लाकडी पिंपाला पोर्तुगीजमध्ये पिपा म्हणतात, आपलं पिंप तिथूनच आलंय. आईला ही गंमत फार आवडली. मग ती दिवसभर शब्द गोळा करत बसली, चावी म्हणजे शाव, साबण म्हणजे साबांव, पाव म्हणजे पांव, बटाटा म्हणजे बटाटाच, काजू म्हणजे काजू. हॉटेलात ब्रेड मागायला तिला माझी गरज लागली नाही.

नदीवरचे दिवस

पहिल्या दिवशी बोट निघाली की थोड्या वेळाने क्रेस्तुमाचं लॉक येतं. नदीवर पाच धरणं आहेत, क्रेस्तुमा, कारापातेलो, रेग्वा, व्हालेइरा आणि पोसिन्यो, आणि प्रत्येकाला बोटीसाठी लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. बोट एका अरुंद काँक्रीटच्या खोलीत शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरायला लागतं, बोट वर वर जाते आणि पुढचं दार उघडलं की तुम्ही वरच्या तलावात. कारापातेलोचं लॉक ३५ मीटर उचलतं, म्हणजे दहा-बारा मजली बिल्डिंग. युरोपातल्या सगळ्यात उंच लॉकपैकी ते एक आहे. दोन्ही बाजूंना भिंत एवढी जवळ असते की हात लावावासा वाटतो, लावू नका, कर्मचारी ओरडतात आणि बरोबर ओरडतात. जेवणाची वेळ असली तरी उठून वर या. कमी उंचीच्या पुलांखाली डेकवरच्या छत्र्या आणि कठडे पाडतात आणि सगळ्यांना खाली बसायला किंवा आत जायला सांगतात, तेव्हा लगेच ऐका, उभं राहून फोटो काढायची ती वेळ नाही.

पहिल्या टप्प्यात काठ हिरवेगार, झाडी, ढग, कोकणात आल्यासारखं. तिथे वीन्हो व्हेर्द ही हलकी वाइन होते. मग मारांव नावाचा डोंगर मागे पडतो आणि तासा-दोन तासात सगळं बदलतं. समुद्रावरून येणारा पाऊस मारांव अडवतो आणि पलीकडे कोरडं ऊन. आपल्याला हे समजवावं लागत नाही, घाटमाथ्यावर धो धो आणि निफाड-सिन्नरला आभाळाकडे बघायचं, अगदी तेच. द्राक्षाला तेच लागतं. नाना डेकवर उठून उभे राहिले आणि म्हणाले, आता खरी बाग सुरू झाली.

इथली जमीन म्हणजे माती नाहीच, शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड. तो उभा चिरतो आणि त्या भेगांतून वेलीची मुळं खोल पाण्यापर्यंत जातात. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो. डोंगर फोडून त्याच दगडाच्या ताली, म्हणजे उतारावरचे बांध, रचल्यात, चुना नाही, सिमेंट नाही, माणसांनी हातांनी. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने बागा मेल्या, तेव्हा सोडून दिलेल्या ताली अजून दिसतात, त्यांना तिकडे मोर्तोरिओ म्हणतात, मेलेल्या बागा. कुठे त्यावर ऑलिव्ह लावलेत, कुठे नुसतं रान. नाना त्यांच्याकडे खूप वेळ बघत होते. मला वाटतं बागायतदाराला ते बघणं सोपं नाही.

डेकवर बसून तीन प्रकारच्या बागा ओळखायला शिका, मग दिवस कसा जातो कळत नाही. दगडी ताली आणि त्यावर एक-दोन ओळी, त्या जुन्या. मातीचे रुंद टप्पे, जेसीबीसारख्या यंत्राने केलेले, त्या १९७० नंतरच्या. आणि तिसऱ्या म्हणजे उताराला सरळ वरून खाली ओळी, फण्याने विंचरल्यासारख्या. मांडव कुठेच नाही, वेली कमरेएवढ्या. जुन्या बागांना ठिबकही नाही. आणि छाटणी एकदाच, हिवाळ्यात, कारण थंडीत वेल झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही म्हणून आपल्याला दोन छाटण्या. हे नानांनी बागेतल्या एका मुकादमाला विचारलं, मी इंग्लिश करत होते, त्याला दोन छाटण्या ऐकून विश्वास बसेना.

रेग्वाला दोरोचं म्युझियम आहे, तासभर द्या. तिथूनच लामेगोला नेतात, तिथल्या नोसा सेन्योरा दुश रेमेदिउश चर्चला ६८६ पायऱ्या आहेत. बस वरपर्यंत जाते, गुडघ्यांची काळजी असेल तर वर बसने जा आणि झेपेल तेवढं खाली उतरा.

पिन्यांव मात्र सोडू नका. छोटं गाव, एक रस्ता, पण त्याच्या रेल्वे स्टेशनवर १९३७ च्या निळ्या फरशांची २४ चित्रं आहेत, तोडणी, पायाने तुडवणं, रबेलो होड्या, सगळं क्रमाने. गाइड नसला तरी ही भिंत म्हणजे पूर्ण धडा आहे. बोट इथे संध्याकाळी लागली की सगळे जेवायला पळतात, तुम्ही आधी अर्धा तास स्टेशनला जा.

पिन्यांवच्या वर व्हालेइराची खिंड येते. ग्रॅनाइटचे कडे दोन्ही बाजूंनी, पाणी आज शांत. पूर्वी इथे एवढा जोराचा प्रवाह होता की होड्या फुटायच्या. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा पोर्टचा इंग्लिश व्यापारी, ज्याने या नदीचा पहिला नीट नकाशा काढला, तो १८६१ मध्ये इथेच बुडाला. कमरेला पैशांचा पट्टा होता त्याच्या ओझ्याने खाली गेला असं सांगतात. त्याच होडीत दोना अँतोनिया फरेरा होत्या, खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदारीण, त्या वाचल्या, त्यांच्या फुगीर घागऱ्याने त्यांना तरंगतं ठेवलं अशी आख्यायिका आहे. धरणांनी तो प्रवाह बुडवला आणि १९९० पासून बोटी थेट सीमेपर्यंत जायला लागल्या. म्हणजे आपण खुर्ची टाकून चहा घेत जातो त्या जागी माणसं जीव मुठीत धरून जात होती, हे त्या खिंडीत बसून आठवलंच पाहिजे.

सगळ्यात वरच्या टोकाला सालामांकाची सहल असते, बसने जाऊन-येऊन चारेक तास मोडतात. १२१८ चं विद्यापीठ आहे, शहर सुंदर आहे यात वाद नाही. पण आईनाना दमले होते, आम्ही गेलो नाही, बोटीवरच राहिलो. पहाटे पाण्यावर धुकं, डोंगरावर ऑलिव्ह आणि बदामाची झाडं, एक माणूस मासे धरत बसलेला. मला अजिबात पस्तावा नाही. प्रत्येक सहल पैसे दिलेत म्हणून करायलाच हवी असं नसतं.

वाइन चाखताना

पोर्ट म्हटलं की आपल्याला गोव्यात मिळणारी गोड लाल बाटली आठवते. खरी पोर्ट फक्त याच खोऱ्यातली, आणि तिची हद्द पोर्तुगालच्या तेव्हाच्या मंत्र्याने, मार्किस द पोम्बालने, १७५६ मध्येच आखून दिली, ग्रॅनाइटचे खांब रोवून, काही खांब अजून उभे आहेत. द्राक्षांचा रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसात, साखर अर्धी उरलेली असताना, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात, साधारण चार भाग रसाला एक भाग. त्याने यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते. म्हणून ती गोड आणि म्हणूनच कडक, २० टक्क्यांच्या आसपास. साध्या वाइनसारखा ग्लास भरून घेऊ नका, छोट्या ग्लासात हळूहळू.

नावं गोंधळात टाकतात, एवढं लक्षात ठेवा. रुबी म्हणजे तरुण, लाल, फळांच्या चवीची. टॉनी म्हणजे लहान पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली, रंग विटकरी होतो, सुकामेवा आणि काकवीसारखी चव, तिच्यावर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. व्हिंटेज म्हणजे एकाच चांगल्या वर्षाची, पिंपात दोन-तीन वर्षंच आणि मग बाटलीत दशकानुदशकं. पांढरी पोर्टही असते, टॉनिक, बर्फ आणि लिंबू घालून दुपारी डेकवर देतात. मला विचाराल तर २० वर्षांची टॉनी, बाकी काही चाखलं नाही तरी चालेल.

टेस्टिंगला चार-पाच ग्लास येतात. सगळे संपवायचे नसतात. मध्ये थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि वापरलं तर कुणाला वाईट वाटत नाही, उलट जाणकार तेच करतात. आई घेत नाही, तिने प्रत्येक ठिकाणी द्राक्षाचा रस मागितला, बहुतेक ठिकाणी मिळाला आणि कुठेही कुणी आग्रह केला नाही. न पिणाऱ्या माणसाने ही ट्रिप करावी का असं मला विचारतात. आईला विचारा, सगळ्यात खूश ती होती.

कारण ती लागारमध्ये उतरली. लागार म्हणजे ग्रॅनाइटचा बसका हौद, त्यात द्राक्षं पायाने तुडवतात. तोडणीच्या दिवसांत काही किंतांमध्ये, किंता म्हणजे मळा, पाहुण्यांना उतरू देतात, बुकिंग करतानाच विचारून ठेवा. आधी सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका ओळीत, एका तालात, हळू चालायचं, मग सोडून देतात आणि गाणी सुरू. पायाने का, तर मणी फुटतो पण बी फुटत नाही, बी फुटली की कडवटपणा उतरतो. आईने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाऊण तास बाहेर यायला तयार नव्हती. जुनी चड्डी किंवा सलवार न्या, डाग जात नाहीत, पायाचा रंग दोन दिवस टिकतो.

जेवण

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि चढल्यावर पहिल्याच दिवशी शेफला भेटा. मासे चालतात का हे ते हमखास विचारतात, कारण त्यांच्या हिशोबात मासा म्हणजे शाकाहाराच्या जवळचं. सें कार्ने, सें पेइश, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करा. काल्दो व्हेर्द नावाचं पालेभाजीचं सूप वरून निरागस दिसतं पण त्यात सॉसेजचा तुकडा असतो. ब्रोआ म्हणजे मक्याचा पाव, चीज, ऑलिव्ह, भात, टोमॅटो, अंडं चालत असेल तर पाश्तेल द नाता ही कस्टर्डची छोटी गोड टार्ट, यावर छान भागतं. फावाइओस गावचा चार कोपऱ्यांचा पाव मिळाला तर सोडू नका. मासे खाणाऱ्यांना काहीच सांगायला नको, बाकाल्याव म्हणजे खारवलेला सुका मासा त्यांच्याकडे इतक्या तऱ्हांनी करतात की मालवणी माणूस घरी आल्यासारखा बसतो. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती, बोटीवरच्या बटाट्यांना तिने जीव आणला.

बॅगेत काय

टोपी, सनस्क्रीन आणि घट्ट पकडीचे बूट, कारण गावातले रस्ते दगडी आणि उतरते. सप्टेंबरमध्येही सकाळी डेकवर पातळ स्वेटर लागतो आणि दुपारी तोच नकोसा होतो. युरोपचा प्लग अडॅप्टर. बागेत जाणाऱ्या बस वळणावळणाच्या रस्त्याने चढतात, बोट लागत नसली तरी ती बस लागू शकते, गोळी खिशात ठेवा. खिंडीत मोबाइलची रेंज जाते, घरच्यांना आधी सांगून ठेवा. जेवायला सूटबूट लागत नाही, एक बरा कुर्ता पुरतो.

उतरताना

शेवटच्या दिवशी सकाळी लवकरच केबिन रिकामी करायला सांगतात, म्हणून परतीचं विमान त्याच दिवशी असलं तर दुपारनंतरचं घ्या. बाटल्या गायामधून घ्या किंवा थेट किंतामधून. किंतात घेतलेल्या बाटलीमागचा उतार तुम्ही बघितलेला असतो, मी तिथेच घेतल्या. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. हँडबॅगेत चालत नाहीत, चेक-इन बॅगेत मोज्यात घालून, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग कपड्यांच्या मध्ये. घरी आल्यावर टॉनी उभी ठेवा, उघडली की काही आठवडे टिकते. व्हिंटेज आडवी ठेवायची आणि उघडली की एक-दोन दिवसांत संपवायची, त्यामुळे माणसं जमणार असतील तेव्हाच फोडा. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दोन्ही फ्रिजमध्ये, कपाटात अजिबात नको.